कासवाचं तळं काठावर ठरतं

पाळीव कासवांसाठी अंगणात तळं करायचं म्हटलं की सगळं लक्ष पाण्याकडे जातं. पाण्याची काळजी हवीच. विष्ठेतून आणि कुजणाऱ्या खाद्यातून अमोनिया तयार होतो. गाळणीत वस्ती केलेले जिवाणू त्याचं आधी नायट्राइट, मग नायट्रेट करतात. म्हणून गाळणी एकदम लख्ख धुऊ नये, कामाचे जिवाणूच वाहून जातात.

पण कासवांची वीण व्हावी असं वाटत असेल, तर आधी काठाकडे पाहा. आयुष्य पाण्यात काढणारी कासवंही अंडी जमिनीवरच घालतात. अंड्यातला गर्भ कवचातून श्वास घेतो, पाण्यात तो गुदमरतो. खणण्याजोगी माती मिळाली नाही तर मादी अंडी पोटातच रोखून धरते, आणि ती अडकली तर तिच्या जिवावर बेततं. काठाला ओलसर, भुसभुशीत माती-वाळूचा उंचवटा हवाच. कासवं चढून पळू शकणार नाहीत असं कुंपणही हवं.

पाळीव कासवांत सर्वांत जास्त दिसणारं कासव म्हणजे रेड-इअर्ड स्लायडर, डोळ्यांमागे लाल पट्टा असलेलं. याचा नर मादीसमोर पोहत येतो आणि पुढच्या पायांची लांब नखं तिच्या तोंडाजवळ थरथरवतो. पाहत राहावं असं दृश्य! मादी नराचं बीज शरीरात साठवून ठेवू शकते. त्यामुळे एकटी ठेवलेली मादीही पुढे कधीतरी फलित अंडी घालते. खड्डा ती मागच्या पायांनी खणते. माती कडक लागली तर मूत्राशयातलं पाणी सोडून ती भिजवते.

खरी गंमत पुढे आहे. या कासवांत नर की मादी हे मातीची ऊब ठरवते. अंडी साधारण २६ अंश सेल्सिअसला उबली तर नर निपजतात, ३१ अंशांच्या वर माद्या. निर्णय होतो तो उबवणीच्या मधल्या टप्प्यात. म्हणजे झाडाच्या सावलीतलं घरटं आणि भर उन्हातलं घरटं, एकाच मादीचं असूनही, वेगवेगळी पिल्लं देतं. म्हणून उंचवट्याचा काही भाग उन्हात, काही सावलीत ठेवावा असं मला वाटतं.

अंडी हलवायचीच असतील तर आधी वरच्या बाजूला पेन्सिलीने खूण करा आणि तीच बाजू वर राहू द्या. गर्भ लवकरच कवचाच्या आतल्या पडद्याला चिकटतो. नंतर अंडं उलटलं तर तो मरू शकतो.

साधारण दोन ते अडीच महिन्यांनी पिल्लू नाकाशी असलेल्या छोट्या टोकदार दाताने कवच फोडतं आणि कधीकधी दिवसभर तसंच आत बसून राहतं. त्याला ओढून काढू नका. पोटाशी बलकाची पिशवी असते, ती आत जिरायला वेळ लागतो. नंतर पिल्लांना उथळ पाण्यात वेगळं ठेवा, कारण मोठी कासवं त्यांना चावतात. आणि पिल्लं जास्त झाली म्हणून नदीत सोडू नका. जगातल्या १०० सर्वांत घातक उपऱ्या प्रजातींच्या यादीत या कासवाचं नाव आहे, ते अशा सोडून देण्यामुळेच.