कॅप्टन निमो नेमका कुठला?

'ट्वेंटी थाउजंड लीग्ज अंडर द सी' हा १९५४चा चित्रपट आठवायचा म्हटलं की बहुतेकांना राक्षसी माखलाशी झालेली झटापट आठवते. मला मात्र एक शांत प्रसंग आठवतो. 'नॉटिलस' पाणबुडीचा कप्तान निमो त्याच्या पाणबुडीवर अडकलेल्या प्राध्यापकाला एका बेटाच्या कड्यावर नेतो. खाली कैदी पाठीवर पोती घेऊन जहाजात माल भरताहेत, दारूगोळ्यासाठी लागणारा. 'मीही यांच्यातलाच एक होतो,' असं तो सांगतो. आपलं गुपित काढून घेण्यासाठी बायको-मुलाला हाल करून मारलं, हेही सांगतो. कोणी मारलं? एक तिरस्करणीय राष्ट्र. त्या राष्ट्राचं नाव चित्रपट संपेपर्यंत कळत नाही.

हे गाळणं हॉलिवूडचं वाटतं, पण त्याची सुरुवात पॅरिसमध्ये झाली. चित्रपट ज्याच्या कादंबरीवर बेतला, त्या फ्रेंच लेखक ज्यूल व्हर्नच्या मनातला निमो पोलिश सरदार होता. झारविरुद्धचा १८६३चा उठाव रशियाने चिरडला, त्यात त्याचं घरदार गेलं, असा मूळ बेत. प्रकाशकाने हरकत घेतली. रशियाशी फ्रान्सचे संबंध सांभाळायचे होते आणि पुस्तकं तिकडेही खपत होती. त्याने सुचवलं, निमोचा शत्रू गुलामांचे व्यापारी करा, म्हणजे कोणी दुखावणार नाही. व्हर्नने ते मानलं नाही. शेवटी तोड निघाली ती अशी की देशच सांगायचा नाही. १८६९-७०मध्ये कादंबरी नियतकालिकातून क्रमशः आली ती या अवस्थेत. पुसलेल्या पाटीवर जुनी अक्षरं मात्र दिसत राहिली. निमोच्या खोलीत भिंतीवर थोरामोठ्यांची चित्रं आहेत, त्यांत पोलंडचा स्वातंत्र्यवीर कोश्चुश्को आहे. आणि सिलोनच्या किनाऱ्यावर तो मोती काढणाऱ्या एका गरीब हिंदी पाणबुड्याला शार्कपासून वाचवतो, हातात मोत्यांची पिशवी देतो आणि म्हणतो की हा माणूस दडपलेल्या देशातला आहे, शेवटच्या श्वासापर्यंत मीही त्याच देशाचा.

१८७४-७५च्या 'मिस्टीरियस आयलंड' या व्हर्नच्याच कादंबरीत अखेर निमोचा पत्ता मिळाला: प्रिन्स डक्कार, बुंदेलखंडच्या राजाचा मुलगा, १८५७च्या लढ्यात उतरलेला, सर्वस्व गमावून समुद्राखाली गेलेला. आपल्याला बुंदेलखंड आणि सत्तावन म्हटलं की झाशी आठवणार. व्हर्नला टिपू आठवला, त्याने डक्कारला टिपूचा भाचा केलं. टिपू पडला १७९९ला, तोही श्रीरंगपट्टणला. त्याचा भाचा बुंदेलखंडात कसा, हे व्हर्नलाच विचारावं लागेल. 'डक्कार' हे नावही आपल्याकडच्या कुठल्या राजघराण्यात ऐकलेलं नाही. दोन कादंबऱ्यांतल्या सालांचाही मेळ बसत नाही. तरी हिशेब उघड आहे. रशियाला दुखवायचं नव्हतं. इंग्रजांना दुखवायला पॅरिसमध्ये फारशी अडचण नसावी.

भा. रा. भागवतांनी व्हर्न मराठीत आणला, त्या पुस्तकांवर वाढलेल्यांना निमो आपला माणूस वाटतो, त्याचं मूळ इथे आहे.

गंमत म्हणजे १९१६च्या मूकपटाने हे सगळं इमानाने घेतलं होतं. समुद्राखालचं खरं चित्रीकरण बहामात करणाऱ्या त्या चित्रपटात दोन्ही कादंबऱ्या एकत्र केल्या होत्या. निमो हिंदी राजपुत्र होता, अर्थात तोंडाला रंग फासलेला गोरा नट. अडतीस वर्षांनी, १९५४च्या चित्रपटात, निमो म्हणून जेम्स मेसन आला तो दाढीसकट अस्सल इंग्रज. म्हणजे ज्या साम्राज्याविरुद्ध डक्कार लढला, त्याच साम्राज्याचे उच्चार त्याच्या तोंडी. माझ्या मते चित्रपटाची ही सर्वांत मोठी चूक आहे, आणि मेसनने काम इतकं सुरेख केलंय की ती चूक कुणाच्या लक्षातही येत नाही.

कारण १९५४ला प्रश्नच बदलला होता. त्या वर्षी २१ जानेवारीला अमेरिकेने अणुशक्तीवर चालणारी पहिली पाणबुडी पाण्यात सोडली, नाव ठेवलं 'नॉटिलस'. चित्रपट लागला डिसेंबरात. कादंबरीतली नॉटिलस विजेवर चालते, पडद्यावरच्या निमोकडे विश्वाच्या ऊर्जेचं गुपित आहे आणि शेवटचा स्फोट पाहून प्रेक्षकाला अणुबॉम्बच आठवावा. अशा गोष्टीत नायकाचा देश अडचणीचाच.

पाणबुडीचं रूपही पालटलं. व्हर्नची नॉटिलस सत्तर मीटरची गुळगुळीत चिरूट. चित्रपटातली रिव्हेट ठोकलेली, पाठीवर मगरीसारखे दाते असलेली. नंतरच्या चित्रकारांच्या डोक्यात हीच बसली. माखलाची झटापट आधी शांत समुद्रावर, सूर्यास्ताच्या उजेडात चित्रित झाली होती. त्यात सगळं खोटं दिसू लागलं, म्हणून रात्रीच्या वादळात पुन्हा केली, खर्च वाढला. कलादिग्दर्शन आणि स्पेशल इफेक्ट्स अशी दोन ऑस्कर मिळाली. पाणबुडीचा आराखडा करणाऱ्याला मात्र नाही, कारण तो युनियनचा सभासद नव्हता.

नावातल्या लीगबद्दल एवढंच की ती खोली नव्हे, प्रवासाचं अंतर. फ्रेंच लीग चार किलोमीटरची, म्हणजे प्रवास ऐंशी हजार किलोमीटरचा.

२००३मध्ये एका हॉलिवूडपटात नसीरुद्दीन शाहांनी निमो केला, पगडी आणि तलवारीसह. अलीकडच्या 'नॉटिलस' मालिकेत तो पुन्हा हिंदी राजपुत्र आहे, ईस्ट इंडिया कंपनीचा कैदी. १९५४चा चित्रपट काढणाऱ्या डिस्ने कंपनीसाठीच ती तयार झाली होती. चित्रीकरण संपल्यावर, २०२३मध्ये, त्या कंपनीने ती न दाखवायचं ठरवलं. पुढच्या वर्षी ती दुसऱ्यांनी दाखवली.