कपाटातला रिसीव्हर तापतोय? फॅन घेण्याआधी हे वाचा

मार्च संपला की आमच्या होम थिएटरच्या दुकानात एकाच प्रकारचे फोन सुरू होतात. रिसीव्हर, म्हणजे होम थिएटरच्या सगळ्या स्पीकरना आवाज पुरवणारा मोठा डबा, मधेच बंद पडतो, थोड्या वेळाने चालू केला की चालू होतो, मग परत बंद. मॅच साडेसातला सुरू होते आणि फोन बरोबर पहिली इनिंग संपत आली की येतो. दुसऱ्या दिवशी सकाळी आमचा माणूस पोचतो तेव्हा रिसीव्हर थंडगार, कपाटाचं शटर (दार) उघडं, सगळं एकदम सुरळीत, आणि मग व्हिजिट चार्ज कशाचा म्हणून तोंडं वाकडी होतात. म्हणून एकदाच सगळं लिहून काढलंय. नवीन सिस्टीम घेणाऱ्यांना बिलासोबत हे देतोच, पण खरं तर ज्यांच्या घरी कारपेंटर अजून काम करतोय त्यांनी आधी वाचावं.

पहिली गोष्ट, रिसीव्हर गरम होणं हा बिघाड नाहीये. बाजारातले बहुतेक रिसीव्हर क्लास एबी ॲम्प्लिफायरवर चालतात, त्यात ओढलेल्या विजेतला मोठा वाटा स्पीकरपर्यंत पोचतच नाही, हीट सिंकवरून (उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या पट्ट्यांवरून) उष्णता होऊन बाहेर पडतो. आवाज म्यूट करून ठेवला तरी मधल्या रेंजचा सात चॅनेलचा (सात स्पीकर चालवणारा) रिसीव्हर 40 ते 60 वॅट खात बसतो. त्यात सेट-टॉप बॉक्स, राउटर, मीडिया प्लेअर धरा, म्हणजे नीट आवाजात पिक्चर लावला की कपाटात सहज 100 वॅटची उष्णता तयार होते आणि शटर बंद असेल तर ती तिथेच फिरत राहते.

बऱ्याच रिसीव्हरच्या मॅन्युअलमध्ये चालवण्याचं कमाल तापमान 35 डिग्री दिलेलं असतं. पुण्यात मे महिन्यात एसी नसलेल्या हॉलमध्येच दुपारी तेवढं होतं, कपाटाचं तर बोलायलाच नको. यामाहाच्या बऱ्याच मॉडेल्सचं मॅन्युअल उघडून बघा, वर 30 सेंमी, दोन्ही बाजूंना 20 आणि मागे 20 सेंमी जागा सोडा असं लिहिलेलं सापडेल. रिसीव्हरची उंची साधारण 16-17 सेंमी, म्हणजे नियमाने जायचं तर दीड फूट उंचीचा खण पाहिजे. कारपेंटर देतो आठ इंच. आणि वर उरलेल्या दीड इंचात सेट-टॉप बॉक्स सरकवलेला असतो, तोही नेमका रिसीव्हरच्या वरच्या जाळीवर. तो बॉक्स आजच काढा, बाकीचं पुढे वाचा.

बंद पडणं हा शेवटचा टप्पा, त्याच्या आधी बरंच काही दिसतं. एचडीएमआयचा बोर्ड बऱ्याच मॉडेल्समध्ये मागच्या बाजूला वर असतो, म्हणजे सगळ्यात गरम हवेत, त्यामुळे चित्र क्षणभर काळं होऊन परत येणं, आवाज टिकटिक करत तुटणं हे आधी सुरू होतं आणि लोक केबल बदलत बसतात. शिवाय आतल्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचं (वीज साठवणाऱ्या छोट्या नळकांड्यांचं) आयुष्य दर 10 डिग्री वाढीला साधारण निम्मं होतं, हा इलेक्ट्रॉनिक्समधला जुना हिशोब आहे. दहा वर्षं चालायचा तो रिसीव्हर चार-पाच वर्षांत रिपेअरला येतो त्याचं कारण बहुतेक वेळा हेच.

आता मुद्द्याचं. ज्यांच्याकडे परत परत जावं लागतं त्यातल्या बऱ्याच लोकांनी फॅन बसवलेला असतोच. ऑनलाइन मागवलेला नाहीतर तपकीर गल्लीतून (पुण्याचा इलेक्ट्रॉनिक्स बाजार) आणलेला, मस्त भोक पाडून, मागच्या प्लायला स्क्रूने बसवलेला, गरगर फिरतोय. आणि तरी रिसीव्हर बंद पडतोय. मग निष्कर्ष काय, तर फॅन छोटा पडतोय, अजून एक बसवू. दुसरा बसवतात. आवाज दुप्पट होतो, तापमान जिथल्या तिथे.

कारण हवा आत यायला जागाच ठेवलेली नसते. तेलाच्या डब्याला आपण दोन भोकं पाडतो ना, एकातून तेल येतं आणि दुसऱ्यातून हवा जाते, एकच पाडलं तर तेल गचके खात येतं, तसंच आहे हे. फॅन हवा बाहेर फेकणार कुठून, आत नवीन हवा आली तरच ना. ती आली नाही तर फॅन नुसता फिरतो, आणि पंखा फिरतोय हे दिसत असल्याने आपण निर्धास्त असतो, हेच जास्त वाईट.

"शटरच्या फटीतून येते की हवा" असं सगळे म्हणतात. हिशोब करू. तीन फुटी शटरखाली सूतभर फट, म्हणजे साधारण 3 मिमी गुणिले 90 सेंमी, झाले 27 चौरस सेंमी. 120 एमएमच्या फॅनचं तोंड असतं 110 च्या आसपास. म्हणजे फॅनला लागते त्याच्या चौथा हिस्सा वाट, आणि तीही चांगल्या कारपेंटरने शटर घट्ट बसवलं असेल तर अजून कमी. त्याऐवजी खालच्या बाजूला, शटरखालच्या पट्टीत किंवा खणाच्या तळाला पुढून, एक फूट लांब दोन इंच रुंद अशी एक खाच मारली की 155 चौरस सेंमी मिळतात, काम झालं. त्यावर जाळी लावणार असाल तर खाच दीडपट-दुप्पट मोठी घ्या, कारण जाळीचं पत्रं बरीचशी वाट अडवतं.

घरच्या घरी तपासायचं असेल तर रिसीव्हर तासभर चालवा, शटर बंद, फॅन चालू, आणि पेटवलेली अगरबत्ती शटरच्या खालच्या फटीजवळ धरा. धूर आत ओढला गेला पाहिजे, सरळ एका दिशेने. जागच्या जागी वर जात असेल तर हवा येत नाहीये. मग तीच अगरबत्ती मागच्या वायरीच्या भोकाशी न्या. बऱ्याच घरांत तिथे गंमत दिसते, फॅनने मागे फेकलेली गरम हवा युनिट आणि भिंत यांच्यातल्या दीड इंचात अडकते आणि वायरीच्या भोकातून परत आत येते. तीच हवा गोल गोल फिरतेय. "मागचं प्लाय काढूनच टाकलंय, पूर्ण उघडं आहे" म्हणणाऱ्यांचंही तेच होतं, उघडं आहे खरं पण भिंतीला टेकलंय.

हवा खालून पुढून यावी आणि वरून मागून किंवा वरून बाजूने जावी, आणि या दोन जागा एकमेकींच्या तिरप्या समोर असाव्यात म्हणजे मधला रिसीव्हर हवेच्या वाटेत येतो. गरम हवा आपणहून वर जाते, तिच्या विरुद्ध जाऊ नका. फॅनच्या फ्रेमवर प्लास्टिकमध्येच छोटा बाण कोरलेला असतो, हवा त्या दिशेला जाते, आणि बाण सापडला नाही तर ज्या बाजूला स्टिकर आहे त्या बाजूने हवा बाहेर पडते. रिसीव्हरच्या जाळीवर फॅन ठेवायचा झाला तर वर ओढणारा ठेवा, वरून खाली मारणारा नको, आतून वर येणाऱ्या हवेला तो परत आत दाबतो आणि सोबत धूळ देतो ते वेगळंच. मधे फळी असेल तर तिला मागच्या बाजूला खाचा मारून घ्या नाहीतर खालच्या खणातली उष्णता तिथेच थांबते.

फॅन किती मोठा? लोकांना वाटतं तेवढा नाही. 100 वॅट उष्णता काढायची आणि कपाटातली हवा खोलीपेक्षा 10 डिग्रीपेक्षा जास्त चढू द्यायची नाही, तर मिनिटाला साधारण 18 घनफूट हवा बदलायला लागते. वाट मोकळी असेल तर 120 एमएमचा एक बरा फॅन निम्म्या स्पीडला हे करतो आणि सोफ्यावरून ऐकूही येत नाही. इलेक्ट्रिक पॅनेलमध्ये बसवतात ते लोखंडी 230 व्होल्टचे फॅन हवा भरपूर फेकतात पण पिक्चरमधल्या शांत सीनला हॉलभर घूं ऐकू येतं, मग लोक तो बंद करून ठेवतात, म्हणजे परत शून्य. आम्ही 12 व्होल्टचा फॅन 9 व्होल्टवर चालवतो त्याचं कारण हेच, कंजुषी नाही.

"एसी चालू असतो की आमच्याकडे." एसी खोली थंड करतो, बंद कपाट नाही. खालची खाच असेल तर एसीची थंड हवा आत जाईल आणि तुमचं काम निम्म्याने सोपं होईल, हे मात्र खरं.

शटरचं म्हणाल तर काचेचं सगळ्यात वाईट, फ्लुटेड असो की साधी. सध्या वेताच्या जाळीची शटर्स निघालीयत ती या कामाला फार छान, हवाही जाते आणि बऱ्याचदा रिमोटही चालतो, पण कारपेंटरवर लक्ष ठेवा. वेत मजबूत राहावं म्हणून मागून चार एमएमचं प्लाय मारून देतात आणि ते बाहेरून अजिबात कळत नाही. शटरला मागून हात लावून बघा. लुव्हर्सचंही (तिरप्या पट्ट्यांच्या शटरचंही) तसंच, निम्मे लुव्हर्स आजकाल नुसते डिझाइनचे असतात, आरपार नसतात. स्पीकरवर असतं तसलं ग्रिल क्लॉथ फ्रेमवर ताणून केलेलं शटर आम्ही करून देतो, दिसायला साधं आहे पण त्यातून सगळं जातं.

सेटिंगमध्येही थोडं कमी करता येतं. सबवूफर (बेसचा वेगळा स्पीकर) असेल तर रिसीव्हरच्या मेन्यूत सगळे स्पीकर 'स्मॉल' करा आणि क्रॉसओव्हर, म्हणजे ज्याच्या खालचा आवाज सबवूफरला जातो ती मर्यादा, 80 हर्ट्झला ठेवा, खालचा जड बेस सबवूफर उचलतो आणि रिसीव्हरवरचा भार उतरतो. डेनॉन, मरांट्झ या कंपन्यांच्या रिसीव्हरमध्ये ईको मोड असतो तो ऑटोवर टाका. एचडीएमआय पास-थ्रू (रिसीव्हर बंद असताना चित्र टीव्हीकडे जाऊ देणं) आणि नेटवर्क स्टँडबाय (बंद असतानाही नेटवर्कला जोडलेलं राहणं) गरज नसेल तर बंद, नाहीतर रिसीव्हर बंद असतानाही आतून कोमट राहतो. आणि कोमट जागा कोणाला आवडते माहितीय, झुरळांना. उघडलेल्या रिसीव्हरमधून आम्ही काय काय काढलंय ते इथे लिहीत नाही, पाल पॉवर सप्लायवर चिकटलेली असते तेव्हा बिल मोठं येतं. म्हणून खाच मारली की आतून बारीक जाळी लावाच, आणि दिवाळीच्या साफसफाईत ती जाळी ब्रशने साफ करा, कारण शेजारी बांधकाम चालू असेल तर ती सहा महिन्यांत बुजते.

अजून एक, गणपतीत टीव्ही युनिटवर आरास करणारी बरीच घरं आहेत. मखराचा कपडा खालपर्यंत सोडला की खाच झाकली जाते आणि दहा दिवस आरत्यांची प्लेलिस्ट त्याच रिसीव्हरवर सकाळ-संध्याकाळ चालू. कपडा खाचेच्या वर पिनअप करा एवढंच.

फोन करायच्या आधी उष्णतेचाच प्रॉब्लेम आहे का ते ओळखता येतं. पाऊण-एक तासाने बंद पडतो, अर्धा तास शटर उघडं ठेवलं की परत नीट चालतो, तर उष्णताच. चालू केल्या केल्या किंवा आवाज वाढवला की लगेच बंद होत असेल तर बहुतेक मागे स्पीकर वायरची एखादी तार दुसऱ्या टर्मिनलला टेकलीय, तो वेगळा विषय, आणि तेव्हा परत परत चालू करून बघू नका. डेनॉन, मरांट्झच्या बऱ्याच मॉडेल्सवर लाल दिवा साधारण दोन सेकंदांनी लुकलुकला तर तापमान, अर्ध्या सेकंदाने भराभर लुकलुकला तर स्पीकरची वायर. दिव्याचा दहा सेकंदांचा व्हिडिओ पाठवलात तर निम्म्या वेळा आम्हाला यायलाच लागत नाही.

आमच्याबद्दल दोन तक्रारी असतात. एक, रिसीव्हरला काही झालेलं नसताना व्हिजिटचे पैसे घेता. माणूस कोथरूडहून वाघोलीला जाऊन येतो त्यात अर्धा दिवस जातो, आणि तो तुमचं कपाट तपासून कुठे खाच मारायची ते पेन्सिलने आखून देतो, पैसे त्याचे आहेत. दोन, हवेची सोय नसलेल्या कपाटात आम्ही रिसीव्हर बसवायला नाही म्हणतो, बाहेर टेबलावर जोडून देतो आणि निघतो. त्यावरून इंटिरियरवाल्यांशी आमची भांडणंही होतात, होऊ देत. बंद खणात बसवला तर पुढच्या एप्रिलमध्ये फोन त्यांना नाही, आम्हालाच येतो.

आमचं किट आहे ते असं: खणाच्या मापाप्रमाणे 120 एमएमचे एक किंवा दोन हळू फॅन, खाली बसवायची जाळी, ॲडॉप्टर आणि वायरवाला सेन्सर असलेला थर्मोस्टॅट (तापमान बघून फॅन आपोआप चालू-बंद करणारा). सेन्सर रिसीव्हरच्या वर मागच्या बाजूला लटकवायचा आणि सेटिंग 38 ला ठेवायचं. लोक 30 ला ठेवतात, मग उन्हाळाभर फॅन बंदच होत नाही आणि किट खराब आहे म्हणून घेऊन येतात. स्वतः सामान आणून करणार असाल तर तेही करा, वर सगळं सांगितलंच आहे, मापं विचारायला दुकानात आलात तरी चालेल, फक्त सनमायका लागलेल्या युनिटला स्वतः जिगसॉ लावू नका, कडा उडतात आणि मग आम्हाला पट्टी मारून लपवायला लागतं.

किटचा भाव फोनवर सांगत नाही कारण खणाचं माप बघितल्याशिवाय एक फॅन पुरेल की दोन ते कळत नाही. व्हॉट्सॲपवर तीन फोटो पाठवा: शटर बंद असतानाचा, शटर उघडं असतानाचा, आणि भिंत व युनिटमधली फट दिसेल असा बाजूने एक. सोबत खणाची रुंदी, उंची, खोली इंचात आणि रिसीव्हरचं मॉडेल. काम चालू असेल तर सनमायका चिकटवायच्या आधी पाठवा, त्या टप्प्याला खाच कारपेंटरच पाच मिनिटांत मारून देतो आणि आमचं किट घेतलं नाहीत तरी चालेल. एप्रिल-मेमध्ये आठवडाभर थांबायला लागतं, जानेवारीत दुसऱ्या दिवशी येतो.