चोरटा माल वेगळा, मनाईचा माल वेगळा

परवा नेरुळला घरी ‘कॉन्ट्राबँड’ बघत बसलो होतो. २०१२चा, मार्क वॉलबर्गचा. सोबत मेहुणा होता आणि सिनेमातली सगळी भानगडही मेहुण्यापायीच सुरू होते, त्यामुळे मी मधूनमधून बायकोकडे बघत होतो. तस्करी सोडून सुधारलेला क्रिस न्यू ऑर्लिन्समध्ये लोकांच्या घरांना अलार्म बसवून पोट भरतोय. इकडे त्याच्या बायकोचा भाऊ जहाजावरून कोकेन आणतो, कस्टमची धाड पडते, पोरगा घाबरून माल पाण्यात फेकतो आणि ज्याचा माल त्याचे पैसे अंगावर येतात. मग बायको-पोरांना वाचवायला क्रिस पुन्हा जहाजावर चढतो, पनामाहून खोट्या डॉलरच्या नोटा आणायला. ड्रग्जना मात्र हात लावणार नाही म्हणतो.

मेहुणा म्हणाला, “भावोजी, तस्करी ती तस्करीच ना? नोटा चालतात आणि कोकेन नाही, हे कसलं सोवळं?”

पंधरा वर्षं न्हावाशेव्याच्या बंदरात कस्टम क्लिअरिंग करतोय, तेव्हा सिनेमा थांबवणं भाग होतं.

हा सिनेमा मुळात आइसलँडचा. २००८च्या ‘रेक्याविक-रॉटरडॅम’चा रिमेक. गंमत म्हणजे मूळ सिनेमाचा हीरो बाल्टासर कोर्माकुर, आणि इंग्रजी रिमेक दिग्दर्शित केला तोही त्यानेच. मूळ कथेतला हीरो आधी पकडला गेलेला असतो तो दारूपायी. आइसलँडमध्ये दारूला बंदी नाही, सरकारी दुकानात मिळते, फक्त कर जबरदस्त. म्हणजे माल साधा, आणायची वाट चोरटी. खोट्या नोटांचं तसं नाही. त्या कुठल्याही बंदरात, कितीही ड्यूटी भरून, समोरच्या दाराने आणता येत नाहीत. तिथे मालच मनाईचा.

आपल्याकडे दोन्हीला सरसकट ‘तस्करीचा माल’ म्हणतात. पण तस्करी हे कृत्य झालं आणि मनाई हा मालाचा गुण. १९६२च्या सीमाशुल्क कायद्यात दोन्हींच्या व्याख्या वेगवेगळ्या आहेत, आणि खरा फरक कलम १२५मध्ये कळतो. माल जप्त झाला की दंड भरून तो सोडवायची मुभा मिळते का? आमच्या भाषेत रिडेम्प्शन फाईन. माल मनाईचा नसेल तर अधिकाऱ्याला ती मुभा मालकाला द्यावीच लागते. मनाईचा असेल तर तो देऊ शकतो, किंवा नाही. ‘द्यावीच’ आणि ‘देऊ शकतो’ एवढाच फरक, पण पार्टीचा, म्हणजे माल मागवणाऱ्याचा, अख्खा कंटेनर त्यावर लटकलेला असतो.

मनाई म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर अफू-गांजा येतो. रक्तचंदन बाहेर पाठवायला मनाई आहे, ई-सिगारेट आत आणायला २०१९पासून बंदी आहे, हेही बऱ्याच जणांना ठाऊक असतं. गोची होते ती साध्यासुध्या मालात. आमच्या एका पार्टीची खेळणी आली होती. चावीची माकडं, प्लास्टिकचे भोवरे. खेळण्यांवर ७० टक्के ड्यूटी, ती भरायला पार्टी तयार. सीएफएसमध्ये, म्हणजे कंटेनर उघडून तपासायच्या गोदामात, दाराच्या बॉटल सीलचा नंबर कागदाशी जुळवला, कटरने सील तोडलं, पहिलाच खोका उघडला. अधिकाऱ्याने माकड उलटं केलं, पाठीवरून अंगठा फिरवला आणि विचारलं, “आयएसआयचा मार्क कुठाय?” नव्हता. २०२१पासून तो सक्तीचा आहे. एखादी वस्तू आणायला अट घातलेली असेल आणि ती पाळली नाही, तर कायद्याच्या लेखी ती मनाईचीच होते. पार्टी फोनवर ओरडत होती, “अहो, माकडं आहेत ती, चरस नाही!” बरोबरच होतं त्यांचं. पण माल अडकला तो अडकलाच.

सोन्याचं उलटं. तिथे सगळा खेळ ड्यूटीचा. जुलै २०२४मध्ये ती १५वरून ६ टक्क्यांवर आणली, की चोरून आणण्यातला नफा तेवढा आटला. (तरी अटी मोडून आणलेलं सोनंही मनाईत मोडतं, असं कोर्टांनी म्हटलंय. म्हणजे ही रेघ काही पाटीवर ओढल्यासारखी सरळ नाही.)

क्रिसचं सोवळं मला मात्र पटतं, आणि त्याला कारण आमचाच किनारा. खाडीत चांदी-सोनं, घड्याळं उतरवायची वाट वर्षानुवर्षं चालू होती, त्या काळी बरेच जण त्याकडे काणाडोळा करत. १९९३मध्ये रायगडच्या दिघी आणि शेखाडीला तशाच लँडिंगमधून मुंबईच्या बॉम्बस्फोटांसाठीची शस्त्रं आणि आरडीएक्स उतरलं. पुढे दहशतवादविरोधी टाडा कायद्याच्या न्यायालयाने कस्टमच्या काही अधिकाऱ्यांनाही शिक्षा केली. वाट चोरटी आहे हे माहीत असलं, तरी पेटीत काय आहे हे वाटेवरच्या माणसाला कळतंच असं नाही. सिनेमातही क्रिसने ठरवलं एक, आणि मेहुण्याने जहाजावर चढवलं भलतंच.

इथे आमच्या मेहुण्याने चहाचा कप खाली ठेवला आणि सिनेमा पुन्हा सुरू केला.

शेवटाकडे एक रंगांचे शिंतोडे उडालेली ताडपत्री दिसते. कस्टमवाले ती बघतात आणि सोडून देतात. ती असते जॅक्सन पोलॉकचं, म्हणजे रंगांचे शिंतोडे उडवूनच चित्रं काढणाऱ्या अमेरिकन चित्रकाराचं, चित्र, पनामातल्या दरोड्यातून आलेलं. मेहुण्याने लगेच विचारलं, “हिच्यावर ड्यूटी किती, भावोजी?”

शून्य. अमेरिकेत हाताने काढलेल्या मूळ चित्रावर आयात शुल्क नाही. चित्र आणायला मनाईही नाही. चोरीचं होतं, एवढंच.