कर्टुलीचा वेल 'वांझ' नसतो, उपटू नका!

दर पावसाळ्यात तेच ऐकायला मिळतं, वेल मस्त वाढला, पिवळी फुलं भरपूर आली पण एकही कर्टुलं नाही, म्हणजे वेल वांझ आहे, काढून टाका. अहो तो वांझ नाहीये, बहुतेक वेळा तो नर वेल असतो! कर्टुलीत (विदर्भात काटवल म्हणतात ती) नर आणि मादी वेल वेगवेगळे असतात, एकाच वेलावर दोन्ही फुलं येत नाहीत, त्यामुळे नर उपटला तर शेजारच्या मादी वेलालाही फळ धरणार नाही.

ओळखायचं कसं, तर फुलाच्या मागे बघा, बारीक काटेरी कर्टुलं दिसलं की मादी, नुसता देठ असला की नर. साधारण ८-१० मादी वेलांना एक नर पुरतो. फुलं संध्याकाळी उमलतात, तेव्हा नर फुल तोडून मादी फुलाच्या मधोमध हलकेच टेकवा, फळ नक्की जास्त धरतं.

बियांपासून लावलं तर नर येणार की मादी हे फुलं येईपर्यंत कळत नाही, म्हणून माहितीच्या वेलाचे कंदच लावा. आणि हिवाळ्यात वेल वाळला तरी मेला समजून खणू नका प्लीज, कंद जमिनीत जिवंत असतो, पावसाला परत फुटतो.