चित्रवादी छायाचित्रण

यंत्राने टिपलेली प्रतिमाही कलाकृती ठरू शकते, हे प्रत्यक्ष कामातून सिद्ध करण्यासाठी साधारणपणे १८८५ ते १९१५ या काळात यूरोप व अमेरिकेत बहरलेल्या चळवळीला चित्रवादी छायाचित्रण किंवा पिक्टोरिअलिझम असे म्हणतात. मऊ, धूसर कडा, तपशिलांची जाणीवपूर्वक गाळणी आणि छपाईच्या टप्प्यावर हाताने केलेले संस्कार ही या छायाचित्रांची ओळखीची लक्षणे होत.

चळवळीचा आरंभ नेमका कोठे धरावा, याविषयी अभ्यासकांत एकमत नाही. ऑस्कर रेलँडर यांनी १८५७ मध्ये तीसहून अधिक निगेटिव्ह जोडून एकच भव्य प्रसंगचित्र छापले होते, तर हेन्री पीच रॉबिन्सन यांनी १८६९ मध्ये छायाचित्रातील चित्रात्म परिणामावर ग्रंथ लिहिला. काहीजण या दोघांपासूनच चळवळ मोजतात. मात्र रेलँडर व रॉबिन्सन हे तत्कालीन चित्रकलेचे विषय आणि रचना उसन्या घेत होते. छायाचित्रकारांच्या स्वतंत्र संघटना व त्यांची निवडक प्रदर्शने त्यानंतर बऱ्याच काळाने सुरू झाली. त्यामुळे व्हिएन्नातील १८९१ चे प्रदर्शन आणि १८९२ मध्ये लंडनला स्थापन झालेला ‘लिंक्ड रिंग’ हा गट यांपासून चळवळ धरणे अधिक सयुक्तिक वाटते.

यंत्राने टिपलेली प्रतिमा कला ठरते का, या वादाचा गाभा पीटर हेन्री एमर्सन यांच्या मतांतरात स्पष्ट दिसतो. पेशाने डॉक्टर असलेल्या एमर्सन यांनी १८८९ मध्ये छायाचित्रण ही कला आहे असे आग्रहाने मांडले. परंतु १८९० च्या अखेरीस किंवा १८९१ च्या आरंभी त्यांनी शोकपत्रासारखी काळ्या चौकटीची पुस्तिका काढून ते मत जाहीरपणे मागे घेतले. एका मोठ्या चित्रकाराशी झालेले संभाषण हे याचे एक कारण सांगितले जाते व तो चित्रकार व्हिसलर असावा असा तर्क आहे. त्याहून वजनदार कारण म्हणजे फर्डिनांड हर्टर आणि व्हेरो ड्रिफील्ड यांचे १८९० मधील संशोधन. प्रकाश किती पडला आणि निगेटिव्ह किती काळवंडली यांचे नाते ठरीव नियमाने चालते, असे त्यांनी मोजून दाखविले. छटांचा परस्परसंबंध रसायनेच ठरविणार असतील, तर कलावंताच्या हाती उरते काय, हा एमर्सन यांना पडलेला प्रश्न आजही जुना झालेला नाही.

डिंक-छपाईने, म्हणजे गम बायक्रोमेट प्रक्रियेने, याला कृतीतून उत्तर दिले. बायक्रोमेट या क्रोमियमच्या क्षाराची प्रकाशसंवेदनशीलता मंगो पाँटन यांनी १८३९ मध्येच दाखविली होती आणि जॉन पाउन्सी यांनी १८५८ च्या सुमारास डिंकावरील छायाचित्रे प्रदर्शित केली होती; तथापि या प्रक्रियेला कलेचे साधन म्हणून प्रतिष्ठा मिळाली ती १८९४ नंतर, मुख्यतः पॅरिसच्या रोबेर दमाशी यांच्यामुळे. तीत बाभळीच्या जातकुळीतील झाडाचा डिंक, जलरंगाची पूड आणि पोटॅशियम किंवा अमोनियम बायक्रोमेट एकत्र कालवून खळ दिलेल्या कागदावर ब्रशने पातळ लेप देतात. लेप वाळल्यावर त्यावर निगेटिव्ह चिकटून ठेवून कागद उन्हात धरतात. प्रकाश पोहोचेल तेथे क्रोमियमच्या क्रियेने डिंक कठीण होतो, इतरत्र तो विरघळणारा राहतो. नंतर कागद पाण्यावर पालथा सोडला की न कठीण झालेला रंग हळूहळू सुटून खाली बसू लागतो. याच वेळी ओल्या लेपावर मऊ कुंचला फिरवून किंवा पाण्याची बारीक धार सोडून आकाश उजळविता येते, नको असलेली फांदी पुसता येते. व्हिएन्नाच्या कॅमेरा क्लबमधील हाइन्रिख क्यून, हुगो हेनेबेर्ख व हान्स वाट्झेक हे एकाच कागदावर अनेक लेप चढवीत. एडवर्ड स्टायकेन यांनी १९०४ मध्ये न्यूयॉर्क राज्यातील मामारोनेक येथे टिपलेल्या चांदण्यातील तळ्याच्या तीन प्रती ज्ञात आहेत, आणि हाताने चढविलेल्या थरांमुळे त्यांतील कोणतीही प्रत दुसरीसारखी नाही.

आक्षेप पुढे उलट बाजूने आला. समीक्षक सादाकिची हार्टमन यांनी १९०४ मध्ये कुंचल्याच्या खुणांवर टीका करून निर्भेळ छायाचित्रणाचा पुरस्कार केला. याउलट, जसाच्या तसा छापलेला फोटो सुंदर असला तरी तो कलाकृती नव्हे, असे दमाशी मानीत. दोन्ही पक्षांचा रोख निर्मितीत माणसाची निवड कोठे शिरते यावर होता. निवडीची जागा छपाईपुरती मर्यादित नाही, ती कॅमेरा रोखण्यापूर्वीच सुरू होते, हे हार्टमन यांचे म्हणणे अधिक टिकाऊ ठरले. अमेरिकन छायाचित्रकार आल्फ्रेड स्टीग्लिट्झ यांनी १९०२ मध्ये ‘फोटो-सेसेशन’ गट स्थापिला, तो चित्रवादी वळणाचाच होता. १९१० मध्ये बफलो येथील ऑलब्राइट कलादालनाने या गटाच्या प्रदर्शनातून छायाचित्रे विकत घेतली. परंतु स्टीग्लिट्झ यांच्याच नियतकालिकाचा १९१७ मधील शेवटचा अंक पॉल स्ट्रँड यांच्या रोखठोक छायाचित्रांना वाहिलेला होता.

भारतात मुंबईची फोटोग्राफिक सोसायटी १८५४ मध्ये स्थापन झाली. मुंबईचे पारशी छायाचित्रकार शापूर भेदवार यांनी १८९० च्या दशकात योजून मांडलेल्या प्रसंगांची चित्रवादी छायाचित्रे काढली.

डिंक-छपाई आजही केली जाते. तिच्यासाठी छापाच्याच आकाराची निगेटिव्ह लागते, आणि ती आता बहुधा संगणकावर तयार करून पारदर्शक फिल्मवर छापतात. लेप, ऊन आणि पाणी मात्र तेच आहे. बायक्रोमेट विषारी असल्याने हातमोजे घालूनच हे काम करावे लागते.