लॅक्स्टन

लॅक्स्टन : इंग्लंडच्या नॉटिंगहॅमशर परगण्यातील एक लहान शेतकरी गाव. ते नॉटिंगहॅम शहराच्या ईशान्येस सरळ रेषेत सुमारे 32 किमी, तर न्यूअर्क-ऑन-ट्रेंटच्या वायव्येस सुमारे 16 किमी अंतरावर आहे. वस्ती काही शे लोकांची. मध्ययुगात इंग्लंडच्या फार मोठ्या भागात रूढ असलेली खुल्या शेतांची पद्धत आणि ती चालवणारे गावाचे न्यायमंडळ या दोन्ही गोष्टी आजही प्रत्यक्ष व्यवहारात टिकून असल्याने लॅक्स्टनची ख्याती आहे. खुल्या शेतांचे अवशेष इंग्लंडमध्ये अन्यत्रही आढळतात. डेव्हन परगण्यातील ब्रॉन्टन हे त्याचे परिचित उदाहरण. परंतु जमीन, पिकांची फेरपालट आणि तंट्यांचा निवाडा यांची मूळची सांगड शाबूत असलेले गाव म्हणून लॅक्स्टनचेच नाव घेतले जाते.

या पद्धतीत शेतकऱ्याची जमीन एका जागी सलग नसते. गावाभोवती मिल फील्ड, साउथ फील्ड आणि वेस्ट फील्ड अशी तीन विस्तीर्ण शेते असून प्रत्येक शेत अनेक लांबट पट्ट्यांत विभागलेले आहे, आणि एकेका शेतकऱ्याचे पट्टे तिन्ही शेतांत विखुरलेले असतात. पट्ट्यांच्या मध्ये कुंपण, भिंत किंवा झुडपांची रांग नसते. एकाचे तास (नांगराची ओळ) संपते तेथून दुसऱ्याचे सुरू होते. चांगली आणि हलकी जमीन, उंचवटा आणि पाणथळ यांचा वाटा सर्वांना मिळावा, हा या विखुरण्यामागचा एक हेतू मानला जातो. एका वर्षी एका शेतात शरद ऋतूत पेरलेला हिवाळी गहू, दुसऱ्यात वसंत ऋतूत पेरायचे पीक आणि तिसरे पडीक, असे तीन वर्षांचे चक्र चालते. हे चक्र कोणालाही एकट्याने मोडता येत नाही, कारण शेजाऱ्याच्या उभ्या पिकात न शिरता स्वतःच्या पट्ट्यावर वेगळे काही करणे अवघड असते. पूर्वी पडीक शेतात गावाची गुरे-मेंढरे चरत आणि त्यांच्या खताने जमीन पुन्हा सकस होई. आता तेथे बहुधा चाऱ्याचे पीक घेतात.

जमीन चिकणमातीची व जड आहे. जिथे उतार फार तीव्र आहे किंवा पाणी साचते, तिथे नांगर घालत नाहीत. अशा गवताळ पट्ट्यांना ‘साइक’ म्हणतात. ते सामाईक असून दरवर्षी उन्हाळ्याच्या सुरुवातीस त्यांवरील गवताचा लिलाव होतो. शतकानुशतके नांगरट न झाल्याने येथे रानफुलांच्या अनेक जाती टिकल्या आहेत आणि म्हणून या साइकांना शास्त्रीय महत्त्वाचे स्थळ म्हणून कायदेशीर संरक्षण मिळाले आहे.

गावाचे रूपही या शेतपद्धतीतून घडले आहे. एरवी इंग्लंडच्या ग्रामीण भागात शेतकऱ्याचे घर त्याच्या सलग जमिनीच्या मधोमध, वस्तीपासून दूर असलेले दिसते. लॅक्स्टनमध्ये जमीनच चहूकडे विखुरलेली असल्याने शेतघरे, कोठारे आणि गोठे सगळे गावातल्या रस्त्याला लागून आहेत. घरे मुख्यतः विटांची असून अनेक घरांची दर्शनी बाजू रस्त्याकडे नसते; त्रिकोणी आढ्याची कडेची भिंत तेवढी रस्त्यावर येते आणि घरामागे अंगण, त्यापलीकडे लांबट परसू पसरलेले असते. भटकी जनावरे कोंडून ठेवण्याचा कोंडवाडाही जतन केलेला आहे. कॅलेंडरवरच्या चित्रातले गवती छपरांचे गाव पाहायला येणाऱ्याची येथे काहीशी निराशा होते. लॅक्स्टन सुंदर दिसावे म्हणून राखलेले नाही. रस्त्यावर ट्रॅक्टरच्या चाकांचा चिखल असतो, आणि तो असणे हेच या गावाच्या खरेपणाचे लक्षण म्हणावे लागेल.

इ. स. 1086 च्या डूम्सडे पुस्तकात, म्हणजे इंग्लंडच्या जमीनजुमल्याच्या राजकीय पाहणीच्या नोंदवहीत, गावाची नोंद आहे. नॉर्मन काळात गावाच्या उत्तरेस मातीचा उंच टेकाड-किल्ला उभारला गेला आणि शेरवुड जंगलाच्या राखणदारीचे केंद्र काही काळ येथे होते. किल्ल्याच्या तटबंदीचे मातीकाम आजही ठळक दिसते. सेंट मायकेलच्या चर्चमध्ये गावाच्या जुन्या जमीनदार एव्हरिंगहॅम घराण्याच्या समाधींवरील मूर्ती असून त्यांत चौदाव्या शतकातील एका स्त्रीची लाकडी मूर्ती दुर्मिळ मानली जाते.

गावाच्या इतिहासाचा सर्वांत मोलाचा दस्तऐवज म्हणजे 1635 मध्ये मार्क पिअर्स याने केलेली मोजणी व तिच्यासोबतचा नकाशा. दोन हजारांहून अधिक पट्टे त्यात एकेक करून दाखवले असून कोणता पट्टा कोणाचा हे मोजणीत नोंदवले आहे. नकाशाच्या मोकळ्या जागांत नांगरणारी, कापणी करणारी आणि शिकार करणारी माणसे चितारली आहेत. हा नकाशा ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयात आहे. मोजणी करून घेणारा मालक सर विल्यम कोर्टेन हा लंडनचा बडा व्यापारी होता. ईस्ट इंडिया कंपनीला शह देण्यासाठी राजा पहिला चार्ल्स याच्या पाठिंब्याने त्याने जी व्यापारी मंडळी उभी केली, तिची जहाजे 1636 मध्ये गोव्याला पोहोचली आणि पुढे कारवार व राजापूर येथेही तिने व्यापार मांडला. कोकणच्या किनाऱ्यावर डोळा ठेवणारा हा माणूस त्याच सुमारास एका आडगावातील पट्ट्यांची मोजदाद करून घेत होता, हा योगायोग नोंदवण्याजोगा आहे.

सतराव्या ते एकोणिसाव्या शतकांत इंग्लंडच्या संसदेने शेते एकत्र करून त्यांना कुंपणे घालण्याचे हजारो कायदे संमत केले आणि खुली शेते एकामागून एक नाहीशी झाली. लॅक्स्टन त्यातून वाचले. त्याचे श्रेय अनेकदा गावकऱ्यांच्या परंपरानिष्ठेला दिले जाते. तथापि जमीनमालकांचे परस्परांशी न जमणे हे कारण अधिक वजनदार दिसते. अर्ल मॅनव्हर्स आणि अर्ल ऑफ स्कारबरो या दोन मोठ्या मालकांमध्ये जमिनींच्या अदलाबदलीवर एकमत होत नव्हते, आणि ते होऊ शकेल अशी वेळ आली तेव्हा शेतमालाचे भाव कोसळल्याने कुंपणांचा खर्च परवडेनासा झाला. मात्र गाव जसेच्या तसे राहिले असेही नाही. काही जमीन पूर्वीच कुंपणाआड गेली होती, आणि विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात मालकाने अनेक लहान पट्टे जोडून मोठे केले. त्यामुळे आजचे पट्टे 1635 च्या मानाने संख्येने फारच थोडे व आकाराने रुंद आहेत, आणि खुल्या शेतांचे क्षेत्र सुमारे 480 एकर उरले आहे.

या साऱ्याचा कारभार ‘कोर्ट लीट’ या न्यायमंडळाकडे आहे. नोव्हेंबरच्या अखेरीस एका गुरुवारी गावातील शेतकऱ्यांमधूनच नेमलेली बारा जणांची ज्यूरी हिवाळी गहू पेरलेल्या शेताची पाहणी करते. दरवर्षी एकच शेत पाहिले जाते, म्हणजे तीन वर्षांत तिन्ही शेतांची फेरी पूर्ण होते. पीक नुकते उगवलेले असल्याने नांगराची रेषा कुठवर गेली ते स्पष्ट दिसते. ज्यूरीतले हे पंच ट्रॅक्टरच्या ट्रेलरवर बसून शेतात जातात, पट्ट्यांच्या कडा तपासतात आणि जिथे हद्द पुसट झाली असेल तिथे लाकडी खुंट्या ठोकतात. कोणी साइकात किंवा सामाईक वाटेवर एखादी ओळ जास्त नांगरली, चर बुजवला, रस्त्यावर अडथळा केला, तर त्याची नोंद होते. बांध कोरण्यावरून पिढ्यान्‌पिढ्या वैर धरणाऱ्या गावांच्या तुलनेत येथील तोडगा फारच साधा आहे : ज्याच्या शेताची आज पाहणी होते, तो उद्या स्वतः पंच असतो.

पाहणीनंतर ज्यूरी गावातील डव्हकोट इन या पबमध्ये जेवते आणि आठवड्याने तेथेच न्यायमंडळाची बैठक भरते. जमीनमालकाचा प्रतिनिधी, म्हणजे स्ट्यूअर्ड, अध्यक्षस्थानी असतो. बेलिफ बैठकीची व्यवस्था पाहतो. ज्यूरीने नोंदवलेले अपराध वाचून दंड ठरतो आणि पुढील वर्षाच्या ज्यूरीचा शपथविधी होतो. दंडाची रक्कम किरकोळ असते. खरी जरब शेजाऱ्यांसमोर नाव वाचले जाण्याची. तरीही हा निव्वळ उत्सवी देखावा नव्हे. इंग्लंड व वेल्समधील अशा जुन्या न्यायमंडळांचे अधिकार 1977 च्या न्यायप्रशासन कायद्याने काढून घेतले, त्या वेळी लॅक्स्टनचा अपवाद करण्यात आला.

मालकी मात्र अनेकदा बदलली आहे. 1952 मध्ये सहाव्या अर्ल मॅनव्हर्सने ही पद्धत टिकावी या हेतूने इस्टेट सरकारच्या कृषी मंत्रालयाला विकली. 1981 मध्ये ती ब्रिटिश राजसत्तेच्या मालमत्तेचा कारभार पाहणाऱ्या क्राउन इस्टेटकडे गेली. या संस्थेने 2018 मध्ये विक्रीचा विचार जाहीर केला तेव्हा गावात चिंता पसरली होती. 2020 मध्ये शेजारच्या थोर्सबी इस्टेटने, म्हणजे मॅनव्हर्स घराण्याच्याच वारसांनी, ती पुन्हा घेतली. शेतकरी बहुतांशी कुळे आहेत. आजच्या रुंद यंत्रांना अरुंद पट्टे गैरसोयीचे पडतात आणि केवळ खुल्या शेतांतील वाट्यावर कुटुंबाचा निर्वाह होत नाही, म्हणून प्रत्येकाला कुंपणाआडची जमीनही कसावी लागते. शेती करणाऱ्या घरांची संख्या विसाव्या शतकाच्या मध्यापासून घटत आली असून, बारा पंच पुरवण्याइतकी शेतकरी घरे गावात राहणे हीच या व्यवस्थेपुढील आजची प्रत्यक्ष अडचण आहे.