लष्करी प्रशिक्षणातील मोबाइल उपकरणांची सुरक्षा (कोकण किनारा)

सैनिकी व सागरी प्रशिक्षणात वापरले जाणारे टॅब्लेट आणि मोबाइल, तसेच त्यांतली माहिती, परक्या हाती लागू नये यासाठीची तांत्रिक तजवीज व शिस्त. यंत्रांच्या पुस्तिका, सराव परीक्षा, हजेरी, सिम्युलेटरवरचे (खऱ्या यंत्राची नक्कल करणाऱ्या सराव-यंत्रावरचे) गुण असे या टॅबमध्ये असते. त्यातल्या बहुतेक गोष्टींवर ‘गुप्त’ असा शिक्का नसतो आणि ढिलाई तिथूनच शिरते. हजेरी आणि वेळापत्रक एकत्र ठेवले, की कोणती तुकडी कुठे, कशाची तयारी करते आहे हे उघड होते. जानेवारी २०१८ मध्ये स्ट्राव्हा या व्यायामाच्या अ‍ॅपने वापरकर्त्यांच्याच नोंदींवरून बनवलेल्या नकाशावर लष्करी तळांच्या आतल्या धावण्याच्या वाटा दिसल्या. त्यासाठी कोणी काही हॅक केले नव्हते.

नेहमीच्या उपायांत ठरावीक अ‍ॅपनाच परवानगी, साठवणीचे कूटलेखन (किल्लीशिवाय वाचता येणार नाही असे रूप देणे), कॅमेरा व ब्लूटूथ बंद ठेवणे आणि हरवलेल्या उपकरणातली माहिती दुरून पुसणे येते. शेवटचा उपाय किनाऱ्यावर लंगडा पडतो. पुसण्याचा आदेश पोहोचायला नेटवर्क लागते आणि बोट जरा आत समुद्रात गेली की रेंज जाते. म्हणून ठरावीक मुदतीत केंद्राशी संपर्क झाला नाही, किंवा पिन वारंवार चुकला, तर माहिती आपोआप नष्ट होईल अशी सोय आधीच करून ठेवावी लागते. ओल्या बोटांना ठशाचा सेन्सर दाद देत नाही, त्यामुळे पिन हवाच. पण तो टॅबच्या पाठीवर चिकटवून ठेवला जाऊ नये, एवढी माफक अपेक्षा! खाऱ्या हवेने चार्जिंगचा पोर्ट गंजतो. मग दुरुस्तीला जाणारा टॅब आधी पुसला गेला का, हे पाहावे लागते.

मालाडजवळ मार्वे येथील आयएनएस हमला या नौदलाच्या प्रशिक्षण केंद्रासारख्या आवाराला फाटक असते, तिथे खासगी फोन बाहेर ठेवायला लावता येतो. डिसेंबर २०१९ मध्ये, समाजमाध्यमांतून माहिती फुटल्याच्या प्रकरणी काही नौसैनिकांना अटक झाल्यावर, नौदलाने तळांवर व जहाजांवर स्मार्टफोनला बंदीच घातली. जुलै २०२० मध्ये भूदलाने माहिती फुटू नये म्हणून जवानांना ८९ अ‍ॅप काढून टाकायला सांगितली.

खरी पंचाईत उघड्या किनाऱ्यावर. २००८ च्या मुंबई हल्ल्यातले दहशतवादी समुद्रमार्गे आले. त्यानंतर ‘सागर कवच’ या सरावात तटरक्षक दल आणि सागरी पोलिसांसोबत मच्छीमारही महत्त्वाचे ठरले. नकली हल्लेखोरांनी किनारा गाठायचा आणि इतरांनी त्यांना हेरायचे, असा हा सराव. मच्छीमाराचा फोन त्याचा स्वतःचा. त्यावर सरकारी नियंत्रण बसवता येत नाही, बसवूही नये. त्याला संशयास्पद बोट कळवायचा तटरक्षक दलाचा १५५४ हा क्रमांक पुरतो. नकली हल्लेखोरांची उतरण्याची जागा व वेळ मात्र व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकायची नाही, कारण ती फुटली की सरावात पकडण्यासारखे काही उरत नाही.